भिवराचं मनगट

पुण्यात कुणाला चांगलं म्हणायचं तर लोकांच्या जिवावर येतं, आणि पेशव्यांच्या अमदानीतही ते तसंच येत असे. पुराणिकबुवांचा आवाज बसका, हलवायाच्या जिलबीत पाक कमी, शेजारच्या मुंजीत भात कच्चा. पण कुंभारवेशीतल्या भिवराच्या शेकाला अख्ख्या कसब्यात आणि शनिवारात कुणी नाव ठेवलं नव्हतं. बाळंतिणीच्या खोलीत काय चालतं ते पुरुष पाहत नसत आणि बायका बाहेर बोलत नसत. ज्या बोलत त्या एवढंच सांगत, की भिवराचा हात लागला आणि कंबर मोकळी झाली.

भिवरा कुंभाराची विधवा, वय चाळिशीच्या आगेमागे. नवरा तापानं गेला त्याला बारा वर्षं झाली होती. धाकटा दीर संपत चाक फिरवी, आवा लावून गाडगी भाजी. त्याची बायको माती मळी. भिवराकडे सासूचा वारसा आला होता, बाळंतिणींना शेक देण्याचा. सासूनं मरताना तिच्या हाती एक लोखंडी तवा दिला आणि एक शिस्त दिली. जाडं मीठ, थोडी नदीची वाळू आणि ओवा तव्यावर तापवायचा, जुनेराच्या फडक्यात त्याची पुरचुंडी बांधायची, आणि ती पुरचुंडी आधी स्वतःच्या डाव्या मनगटाला आतल्या बाजूनं टेकवायची. तिथली कातडी पातळ असते. दहा मोजेपर्यंत सोसवली तर बाळंतिणीला लावायची, नाही सोसवली तर निवू द्यायची.

भिवरानं यात आपली एक भर घातली होती. मनगटाला पुरचुंडी लावताना ती बाळंतिणीला ते दाखवी. पहिलटकरणी घाबरलेल्या असतात, त्यांना धीर येई. मनगटावर पुरचुंडी धरून भिवरा मोठ्यानं दहा मोजी, हसे, आणि मग पोरगी निमूट कुशीवर वळे. वीस वर्षं हे असं चाललं होतं. त्या मनगटाचा तिला अभिमान होता, आणि अभिमान वाटावा असंच ते होतं.

तिला एकच लेक, मैना. सासवडच्या कुंभारांकडे दिलेली. सासर खाऊनपिऊन बरं होतं आणि त्यांनी मुलीत फारसं काही पाहिलंही नव्हतं. मैनाच्या सासूच्या एका बाळंतपणात भिवरानं तिला शेकलं होतं, तेवढ्या ओळखीवर सोयरीक जुळली. आता मैनाला आठवा सरत होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मार्गशीर्षात ती पुण्याला यायची होती. भिवरानं फडकी धुऊन ठेवली होती, ओवा निवडून ठेवला होता. शेकड्यांनी परक्या लेकी शेकल्या, आता आपली शेकायची, एवढ्या एका गोष्टीकडे तिचे डोळे लागले होते.

त्याच सुमारास शनिवारातून उमाकाकूंचा निरोप आला. त्यांचा मुलगा दीनानाथ सरकारी दफ्तरात कारकून. तो कामासाठी जुन्नरला गेलेला असताना इकडे त्याची बायको आनंदी बाळंत झाली होती. मुलगा झाला होता. आनंदीला आई नव्हती, म्हणून माहेर असून नसल्यासारखं, म्हणून बाळंतपण सासरीच. सोळा वर्षांची पोर. बोलणं इतकं थोडं, की खोलीत ती आहे हे बाजेच्या कुरकुरीवरून कळायचं.

पहिले चार दिवस ठीक गेले. पाचव्या दिवशी मीठ तापायला फार वेळ लागतोय, असं भिवराला वाटलं. पुरचुंडी मनगटाला टेकवली तर कोमट. तिनं ती पुन्हा तव्यावर ठेवली. पुन्हा टेकवली, तरी कोमटच. थंडीचे दिवस, विस्तव धरत नाही, असं मनाशी म्हणून तिनं निखारे फुंकले आणि तिसऱ्यांदा ठेवली. फडक्याला किंचित करपट वास आला. पण शेगडी, ओव्याची धुरी आणि बंद दारं असलेल्या त्या खोलीत सगळ्यालाच करपट वास येई. मनगटाला आता जरा कढत लागलं, निदान लागलंसं वाटलं. मग तिनं ती आनंदीच्या कमरेला लावली.

आनंदी एकदम ताठ झाली.

"भिवराबाई, भाजतंय हो."

उमाकाकू दाराशी बसून वाती वळत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. "भिवराच्या मनगटाला भाजलं नाही, ते तुझ्या कमरेला बरं भाजतं. कंबर काय लोण्याची आहे तुझी?"

भिवराला पोरीची दया आली, आणि दया आली म्हणूनच तिनं नेहमीचं केलं. पुरचुंडी उचलली, आनंदीच्या तोंडासमोर स्वतःच्या मनगटाला लावली आणि मोठ्यानं मोजलं. दहावर थांबायचं ती पंधरापर्यंत गेली. "हे बघा, वैनीबाई. भाजलं असतं तर मी धरून बसले असते व्हय?"

आनंदीनं ते मनगट पाहिलं आणि ती ओशाळली. पदराचा बोळा दातांत धरून ती पुन्हा कुशीवर वळली आणि नंतर एक शब्द बोलली नाही. भिवराची पद्धत अशी, की पुरचुंडी पाठीच्या कण्यापासून कमरेवरून हळूहळू ओढत पोटापर्यंत आणायची. तशी तिनं तीनदा आणली. पोर थरथरत होती. थंडीनं थरथरतेय, असं दोघी बायकांनी धरून चाललं.

दुसऱ्या दिवशी आनंदीच्या कमरेवर कण्यापासून पोटापर्यंत पाण्यानं भरलेल्या फोडांचा पट्टा उठला होता. उमाकाकूंनी तो पाहिला आणि सुनेची कातडी फारच खानदानी दिसतेय, असं म्हणाल्या. भिवरा बुचकळ्यात पडली. तिनं लोणी लावलं, त्या दिवशी शेक दिला नाही आणि घरी आली.

दुपारी ती जावेबरोबर माती मळायला बसली. हात धुताना डाव्या मनगटावरची कातडी ओल्या फडक्यासारखी सुटून आली. खाली लाल मांस दिसत होतं. एवढा मोठा फोड आला कधी, फुटला कधी, तिला पत्ताच नव्हता. तिनं त्याला बोट लावलं. बोटाला ओल कळली, मनगटाला बोट कळलं नाही.

ती उठून आव्यामागं गेली. कालच्या आव्यातलं एक खापर अजून चटके देत होतं. उजव्या हातानं पदरात धरून तिनं ते डाव्या मनगटाला लावलं. काही नाही. जरा वर सरकवलं, तरी काही नाही. कोपराशी आणलं तेव्हा मात्र तिच्या तोंडून किंकाळी निघता निघता राहिली. कोपराच्या अलीकडे हात जिवंत होता आणि पलीकडे मेला होता. गेल्या पावसाळ्यात बोटांना मुंग्या येत होत्या, मग यायच्या थांबल्या, तेव्हा तिला बरंच वाटलं होतं. हातावर तळव्याएवढा फिकट डाग होता, तो राखेनं पडला असेल म्हणून तिनं सोडून दिला होता. तिच्या माहेरी एका चुलत आजाला असाच डाग होता. तिनं लहानपणी तो पाहिला होता आणि पुढं त्याची बोटं कशी झडत गेली तेही पाहिलं होतं.

रक्तपिती. तिनं शब्द मनातल्या मनात उच्चारला. ती तिथंच राखेत बसून राहिली.

त्या रोगाच्या माणसाला नदीपलीकडे भांबुर्ड्याच्या अंगाला झोपडी घालून राहावं लागे. त्याच्या घरचं गाडगं कुणी घेत नसे, म्हणजे संपतचं चाक बंद. पण भिवराच्या मनात चाक नंतर आलं, आधी मैना आली. रक्तपितीच्या बाईची लेक म्हटल्यावर सासवडचे लोक तिला घरात ठेवणार नव्हते. पोटातल्या पोरासकट इथं टाकतील आणि दुसरी करतील. भिवरानं तिथंच ठरवून टाकलं. मनगटाला फडकं बांधायचं, मुरगळलंय म्हणून सांगायचं, तवा जावेच्या हाती द्यायचा. आपल्या हातानं आता कुणी भाजणार नाही. मैना बाळंत होऊन लेकरासकट सासवडला पोचली, की आपण आपल्या पायांनी नदी ओलांडू, कुणाला सांगावंही लागणार नाही. बेत काही वाईट नव्हता. त्यात फक्त आनंदी राहून गेली होती.

सातव्या दिवशी आनंदीला ताप भरला आणि उमाकाकूंनी वैद्यबुवांना बोलावलं. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं जायचं नाही, म्हणून बुवा दाराबाहेर पाटावर बसले आणि आतलं त्यांना उमाकाकूंनी सांगितलं. भिवरा आत आनंदीच्या उशाशी होती. चौकशीला म्हणून आली होती, पाय निघत नव्हता म्हणून थांबली होती. बुवा तसे जाणते होते, त्यांनी पहिलाच प्रश्न नेमका विचारला, की शेकानं भाजलं तर नाही ना.

"भिवराचा शेक आहे," उमाकाकू म्हणाल्या. "वीस वर्षांत कुणाला भाजलं नाही. माझ्यादेखत स्वतःच्या मनगटाला लावून दाखवला तिनं."

बुवांनी डबी काढून नाकात तपकिरीची चिमूट ओढली. तेवढा वेळ भिवराजवळ होता. खोलीत निखारे तडतडत होते, बाळ झोपलं होतं, आणि एक वाक्य बोलायचं होतं. भिवराच्या डोळ्यांपुढं सासवडहून निघालेली बैलगाडी आली. तिनं मान खाली घातली.

मग बुवांनी पुढचं विचारलं. फोड पाण्याचे आहेत का, पट्ट्यासारखे आहेत का, कण्यापासून पुढं पोटाकडे निघालेत का, आग होते का. सगळ्यालाच हो म्हणावं लागलं. बुवांनी उसासा सोडला आणि नागीण आहे म्हणाले. उमाकाकूंच्या हातातल्या वाती खाली पडल्या. नागीण कमरेला फिरत फिरत जाते आणि तिचं तोंड शेपटीला मिळालं की माणूस जातं, हे पुण्यातल्या पोरासोरांना ठाऊक होतं. बुवांनी लेप दिला. तीन दिवसांत थांबली नाही, तर तिच्या तोंडापुढं तापल्या सळईचा डाग देऊन वाट अडवावी लागेल म्हणून सांगितलं आणि ते गेले.

आनंदीनं तापलेले डोळे भिवराकडे वळवले. "मला वाटलं होतं, शेकानंच झालं. मी तुम्हाला उगीच दोष दिला हो मनातल्या मनात. रागावू नका."

भिवरानं तिच्या कपाळावरचं फडकं बदललं. 

मैना दुसऱ्या दिवशी आली. गाडीतून उतरताना तिचं पोट असं पुढं आलं होतं, की संपतनं दोन्ही हातांनी तिला धरून उतरवलं. भिवरानं उजवा हात लेकीच्या गालावरून फिरवला आणि बोटं आपल्या कानशिलावर मोडली. मैनाच्या लगेच ध्यानात आलं, की आईनं डावा हात पदराखाली ठेवलाय. मुरगळलाय, असं भिवरानं सांगितलं. मैना हसली आणि म्हणाली, की माझ्या वेळेपर्यंत बरा कर बाई, सासूनं सांगून पाठवलंय, शेक आईच्याच हातचा घे. त्या दिवसभर मैना बोलत होती आणि भिवरा ऐकत होती. मधूनच तिच्या मनात येई, की आज लेप लागू पडला असेल, आज फोड सुकले असतील. नागीण म्हणून दिलेला लेप भाजल्या जागी लावला की जखम कशी चिघळते, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

दहाव्या दिवशी सकाळी उमाकाकूंच्या शेजारची पोरगी धावत आली. पट्टा रुंदावला होता, त्यातून पू यायला लागला होता, पोर तापात बडबडत होती. बुवा येऊन बसले होते आणि सळई तापत ठेवायला सांगत होते. पण ते आत जाणार नव्हते, आणि उमाकाकूंना सुनेला डाग देववत नव्हता. विस्तवाचा हात साऱ्या पेठेत एकच होता. उमाकाकूंनी भिवराला बोलावलं होतं.

भिवरा निघाली तेव्हा मैना दारात भाकरी खात बसली होती. लवकर ये म्हणाली.

खोलीत शेगडी रसरसत होती. सळईचं टोक लाल झालं होतं. उमाकाकूंनी आनंदीची कूस उघडी केली, आणि भिवरानं आपल्या शेकाचं काय झालंय ते पाहिलं. कडेला कातडी काळी पडली होती, मध्ये पिवळं साचलं होतं. वास येत होता. बुवा बाहेरून सांगत होते, की नागिणीचं तोंड पोटाकडे आहे, त्याच्या चार बोटं पुढं डाग द्या, खोल द्या, हात थरथरू देऊ नका. उमाकाकूंनी सळई फडक्यात धरून भिवराच्या हाती दिली आणि आनंदीचे खांदे दाबून धरले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. तोंडानं त्या कितीही तिखट असल्या, तरी सून त्यांना हवी होती.

आनंदीनं सळई पाहिली. तिला त्या वेळी बरीच शुद्ध होती. ओरडायचं नाही, हे तिला त्या घरात पक्कं शिकवलं गेलं होतं, म्हणून ती ओरडली नाही. तिनं भिवराकडे पाहिलं आणि लहान मूल मागतं तसं मागितलं.

"आधी तुमच्या मनगटाला लावून बघाल ना?"

उमाकाकू म्हणाल्या, की काय बोलतेस, ही काय पुरचुंडी आहे का. पण भिवरानं ते ऐकलं नाही. वीस वर्षांत कुणी बाळंतिणीनं तिच्याकडे हे मागितलं नव्हतं, कारण ती न मागता दाखवत आली होती. या पोरीला तिनं ते दाखवून गप्प केलं होतं, आणि पोर अजून त्या मनगटावर विश्वास ठेवून होती. भिवरानं दातांनी डाव्या हाताचं फडकं सोडलं. मनगट पुढं केलं. आणि लाल सळई त्याच्यावर ठेवली.

चर्र झालं. धूर निघाला. मांस जळल्याचा वास खोलीभर पसरला. भिवरानं हात मागं घेतला नाही, तोंड वाकडं केलं नाही. नेहमीसारखे मोठ्यानं दहा आकडे मोजले. सहा-सात म्हणेपर्यंत उमाकाकूंचे हात आनंदीच्या खांद्यावरून सुटले होते. दहा म्हणून भिवरानं सळई शेगडीत टाकली.

"काकू, ही नागीण न्हाई," ती म्हणाली. "हा माझा शेक हाय. माझं मनगट मेलंय. पोर खरं बोलत हुती."

बुवांनी बाहेरून काय झालं म्हणून दोनदा विचारलं.  उमाकाकूंनी झडप घालून पाळण्यातलं बाळ उचललं आणि भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. "याला हात लावला होतास का तू?" एवढंच त्यांनी विचारलं. लावला होता. पाचही दिवस लावला होता. भिवरानं तसं सांगितलं.

आनंदी मात्र त्या जळक्या मनगटाकडे पाहत होती. "म्हणजे मला खरंच भाजत होतं," ती म्हणाली.

"व्हय, वैनीबाई. खरंच भाजत हुतं."

पोरीनं डोळे मिटले. पाच दिवस ती दुखण्याबरोबर आणखी एक गोष्ट सोसत होती, की आपणच खोटं बोललो, आपणच नाजूकपणा केला. ती गोष्ट तिच्यावरून उतरली. दुखणं राहिलं.

नागिणीचा लेप धुऊन काढला गेला. बुवांनी शंभर वेळा धुतलेलं तूप पाठवलं, काढे बदलले. हे सारं त्यांनी सातव्या दिवशीही केलं असतं, आणि सातव्या दिवशी त्याचा कदाचित उपयोगही झाला असता. आनंदी त्यानंतर चौथ्या दिवशी, बाराव्याच्या पाळण्याची सुंठ घरात तशीच पडलेली असताना गेली. दीनानाथ जुन्नरहून परतला तो थेट नदीवर, राख सावडायला. भिवरानं काय केलं ते उमाकाकूंनी साऱ्या पेठेला सांगितलं. वाती वळताना आपण काय बोललो ते सांगितलं नाही. भिवरानंही ते कधी कुणाला सांगितलं नाही.

पण त्याच्या आधीच, सळईच्या दिवशीच तिसऱ्या प्रहरी, कोतवालचावडीवरून शिपाई कुंभारवेशीत आला आणि अंगणाच्या बाहेरूनच हुकूम सांगून गेला. भिवरानं एक घोंगडी आणि एक मडकं घेतलं. तवा घेतला नाही. मैना खांबाला धरून उभी होती. बातमी सासवडला पोचायला दोन दिवस पुरेसे होते, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"माझं बाळंतपन हुईस्तवर तरी थांबायचं हुतंस, आई," ती म्हणाली.

"थांबले की," भिवरा म्हणाली. "पाच दिस थांबले."

मैनाला ते कळलं की नाही कोण जाणे. ती जवळ यायला निघाली तशी भिवरानं हातानंच तिला अडवलं, आणि मग तो हात डावा आहे हे पाहून पाठीमागं घेतला.

सासवडहून निरोप आला तो असा, की मैनानं तूर्त माहेरीच राहावं. तूर्त हा शब्द घालण्याइतके ते लोक भले होते.

भिवराची झोपडी नदीपलीकडे बाभळींच्या कडेला होती. तिथून कुंभारवेस दिसे. संपतचा आवा मात्र पेटलेला दिसत नसे, कारण त्याची गाडगी कुणी घेत नव्हतं. तरी तो रोज सकाळी गुडघाभर पाण्यातून मधल्या खडकापर्यंत येई, भाकरी ठेवी आणि मागं सरून उभा राही. मग भिवरा जाऊन ती उचली.  एके दिवशी त्यानं आनंदी गेल्याचं सांगितलं. भिवरा त्या दिवशी भाकरी न्यायला उठली नाही. ती कावळ्यांनी खाल्ली.

पौषाच्या सुरुवातीला एका सकाळी संपत आला तो भाकरी ठेवून परत फिरेना. थंडीनं पाण्यात त्याचे पाय निळे पडले होते. मैना बाळंत झाली, मुलगी आहे, दोघी बऱ्या आहेत, असं त्यानं ओरडून सांगितलं. भिवरानं दोन्ही हात जोडले. कुणाला जोडले ते तिचं तिलाच माहीत. संपत तरीही जाईना. त्याला काहीतरी विचारायचं होतं आणि ते पुरुषानं विचारण्यासारखं नव्हतं. खाली पाण्याकडे बघत शेवटी तो बोलला. त्या घरात शेक द्यायला पेठेतली एकही बाई येत नव्हती. तवा होता, मीठ होतं, फडकी भिवरानं धुऊन ठेवलेली तशीच होती. पण त्याच्या बायकोनं हे काम कधी केलं नव्हतं.

"ती इचारतीया," संपत म्हणाला, "मीठ किती तापवायचं?"

भिवरा नदीच्या काठावर बसली. या एका शेकासाठी तिनं काय काय केलं होतं, ते सारं त्या प्रश्नात होतं. मैना पलीकडे बाजेवर पडली होती, कंबर ठणकत असेल, आणि आई हाकेच्या अंतरावर होती. भिवरा रडली. संपत पाण्यात उभा राहून तिचं रडणं संपायची वाट पाहत राहिला.

मग तिनं सगळं सांगितलं. मीठ जाडं घ्यायचं, वाळू चाळून घ्यायची, फडकं चौपदरी करायचं. करपट वास आला की ती पुरचुंडी सरळ बाजूला टाकायची. आधी आपल्या मनगटाला लावायची, दहा मोजायचे. संपत एकेक गोष्ट मान हलवत पाठ करत होता. हे सगळं म्हणून झाल्यावर तो वळला आणि चार पावलं गेला, तेव्हा भिवरानं त्याला हाक मारून थांबवलं.

"आन् मैना भाजतंय म्हनली," ती ओरडली, "तर त्याच घडीला उचल म्हनावं. मनगट दाखवत बसू नगं म्हनावं तिला."

संपतनं ते वाक्य दोनदा स्वतःशी म्हणून घेतलं, विसरू नये म्हणून, आणि तो पाणी तुडवत पलीकडे गेला.